मुकं जनावर

पाचोडच्या सरिताचं पोट असं दुखायचं, की तापलेला तवा नुसत्या हातानं उचलला तरी तिला चटका जाणवायचा नाय. हे मी पदरचं सांगत असेन तर माझी मिशी तुमची.

नवऱ्यानं, बद्रीनाथनं, तिला औरंगपुऱ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. कळवळून सांगत होती ती, अन् डॉक्टर बघत होते बद्रीनाथकडं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. बायकांचं असंच असतं हो, मनाचं दुखणं. झोपेची गोळी देतो."

घरी आले, तर म्हशीनं मान टाकलेली. फोन केला तसा गुरांचा डॉक्टर फटफटीवर धावत आला. पोट दाबून पाहिलं, कान लावून ऐकलं, इंजेक्शन ठोकलं.

"लगेच आलात, डॉक्टरसाहेब?" सरितानं विचारलं.

"मग वहिनी? मुकं जनावर हाय. ते काय ढोंग करतंय व्हय?"

सरिताला एकदम उमगलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं बोलणंच बंद केलं. गोठ्याच्या दाराशी मान टाकून बसायची अन् वाट बघायची, की आता तरी कुणी पोटाला हात लावून बघेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बद्रीनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन औरंगपुऱ्यात हजर.



"डॉक्टरसाहेब, तुमच्या गोळीनं लई गुण आला बघा. आता एका शब्दाची तक्रार नाय!"