खर्चावरून ओळख

“मॅडम, तुम्ही हेमांगी रेगे नाही,” बँकेतला चौगुले पडद्याकडे बघत म्हणाला. “मार्चपासून तुमचा खर्चच जुळत नाही.”

मार्चमध्ये हेमांगीचा नवरा शशांक वारला होता. सही खोटी करता येते, बोटाचा ठसाही करता येतो, खर्चाची सवय मात्र नाही. तेव्हा माणूस खर्चावरूनच ओळखावा, हा नियम सल्लागार म्हणून बँकांना हेमांगीनेच लिहून दिला होता. त्यावर तिला बढतीही मिळाली होती.

“मग आता?”

“पंधरा दिवस पूर्वीसारखा खर्च करा. नाहीतर खातं कायमचं बंद.”

मग पूर्वीसारखंच तिने रोज शशांकचं मसाला पान आणलं, त्याचा कलप आणला, रविवारी दोघांपुरतं मटण आणलं. पान तिला आवडत नव्हतं, पण फेकवतही नव्हतं. ती ते त्याच्या खुर्चीसमोर ठेवायची.

सोळाव्या दिवशी चौगुलेचा चेहरा खुलला.

“या खर्चात तुम्ही नाही सापडलात मॅडम, पण साहेब सापडले! त्यांच्या मृत्यूची नोंद आपोआप रद्द झाली. आता साहेबांनी तुम्हाला ओळखलं, की तुमचं काम झालंच.”

हेमांगीने पर्स उचलली.

“घरी विचारून सांगते,” ती म्हणाली.