अरकलेली तबकडी

ही २०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कोलशेतला खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये दीपेशची हळद होती, आणि त्याची आजी बायजा एकोणिसाव्या मजल्यावर, आतल्या खोलीत कुलपात होती.

यात कुणाची दुष्टाई नव्हती. लग्नघरात दागिन्यांपाशी म्हातारं माणूस बसवायचं, बाहेरून कुलूप घालायचं, किल्ली कर्त्या पुरुषाने खिशात ठेवायची, ही त्या घरातली जुनी रीत. मानाचंच काम ते. एके काळी बायजाची सासू बसायची, आता बायजा. शिवाय डॉक्टरांनी छातीला जपायला सांगितलेलं आणि खाली डीजे. नवरा गेलेल्या बाईचं हळदीच्या पाटाशी काय काम, हे तर कुणाला बोलावंही लागलं नाही.

कपाटात सोनं, कोपऱ्यात लाडवांचे डबे, पलंगावर आहेराच्या साड्या. काच खालच्या ठेक्यावर थरथरत होती. खिडकी वीतभरच सरकायची. नात ऋतिका अधूनमधून फोनवर मंडपाचे फोटो पाठवत होती. तिसऱ्या की चौथ्या फोटोत बायजाचा अंगठा थांबला. नवरदेवाच्या मागे पिवळं कापड, कापडावर काळ्या गोल चकत्या, आणि एकेका चकतीवर चिकटवलेलं थर्माकोलचं एकेक अक्षर.

त्या आनंदाच्या तबकड्या होत्या.

आनंदा, तिचा नवरा, मालवाहू बोटीवर होता. परदेशच्या बंदरांतून बाकीचे खलाशी घड्याळं आणत, सेंट आणत. हा तबकड्या आणायचा. त्यांत गाणारा गात नसे, भराभर बोलत असे. पेटी नाही, तबला नाही, सगळा ताल यंत्राचा. पुढे दीपेशने सांगितलं, आजी, याला हिप हॉप म्हणतात, आणि ते दुसरं ते इलेक्ट्रो. नावं कळेपर्यंत बायजाला ती गाणी पाठ झाली होती, अर्थ सोडून.

तेव्हा घर मिठागराच्या बांधाला लागून होतं. आनंदा सुट्टीवर आला की ओटीवर मशीन मांडायचा. एका गाण्यात वाजवणारा मुद्दाम तबकडी मागेपुढे घासायचा, खर्र-खिक्, खर्र-खिक्. सासूला वाटे, सुई अडकली. "अरकली गो, अरकली," म्हणत ती चुलीपुढून उठून यायची आणि बोटाने सुई पुढे ढकलायची. आनंदा हसून लोळायचा, पण आईला त्याने कधी अडवलं नाही. होता होता त्या जागी चरा पडला, आणि तबकडी तिथे खरोखरच अडकायला लागली.

ती एक तिला हवी होती. बाकीच्या गेल्या तर गेल्या.

कुलूप वाजलं. धनेश, तिचा मुलगा, नवरदेवाच्या गळ्यातली साखळी न्यायला आला होता.

"माझ्या तबकड्या कुनी दिल्या रं?"

धनेश गडबडला. डेकोरेटरला जुन्या जमान्याची सजावट करायची होती, तेव्हा धनेशला माळ्यावरच्या तबकड्या आठवल्या. आईला आनंदच होईल असं त्याला वाटलं होतं. बाबा मंडपात आल्यासारखे. "आनि वाजवायला मशीन तरी कुठं हाय, आय? धूलच खात व्हत्या."

बायजाने वाद घातला नाही. "निल्या कागदाची येक हाय. तेवढी मना आनून दे."

"आता? फोटो चाललेत. सगलं नाव मोडंल."

"नाव तुझं नाय, पोराचं हाय. त्याला इचार."

धनेश साखळी घेऊन गेला. कुलूप लागलं. बायजा साड्यांच्या घड्या मोजत बसली, मोजणं चुकलं, पुन्हा मोजल्या. ठेका वाढत चालला.

तो परत आला तेव्हा काखेत तबकडी होती. दीपेशने पाटावरून उठून स्वतः उपटली होती. कडेला हळदीची बोटं उमटलेली. एका बाजूला गरम गोंदाचे पिवळे गोळे आणि अर्धं तुटलेलं 'दी'. दुसरी बाजू शाबूत.

"मंडपात आता नुसता 'पेश' ऱ्हायलाय," धनेश म्हणाला. चिडावं की हसावं ते त्याचं ठरत नव्हतं. कुलूप पुन्हा लागलं.

मशीन बिघडलं की आनंदा काय करायचा, ते बायजा विसरली नव्हती. पूजेच्या तांदळाने भरलेल्या तांब्यात तिने सुनेची भुवयांची पेन्सिल उभी रोवली, तिच्यावर तबकडी बसवली. लग्नाच्या पत्रिकेचा शंकू वळला, त्याच्या टोकात साडीची पिन खुपसली. डाव्या हाताच्या बोटाने तबकडी फिरवली, उजव्या हाताने पिन अलगद टेकवली, आणि शंकूच्या तोंडाला कान लावला.

आधी नुसता खालचा डीजे. मग त्याच्या आत, डासाएवढा, तो माणूस भराभर बोलू लागला.

खर्र-खिक् आलं. मग चरा आला. अर्धा शब्द, पुन्हा तोच अर्धा शब्द, पुन्हा तोच.

बायजाचं बोट पिनेकडे गेलं आणि वाटेतच थांबलं. ती तबकडी फिरवत राहिली. खाली डीजे थांबला, पंगती उठल्या, तरी तिने पिन पुढे ढकलली नाही.

दीपेश आणि त्याची बायको आता मानपाड्याला राहतात. नातेवाईक त्याला अजून पेश म्हणतात. बाकीच्या तबकड्या डेकोरेटरकडेच राहिल्या. ऋतिकाला त्या ठाकुर्लीच्या एका हळदीत दिसल्या, दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली. धनेशने आईला महागातला स्पीकर आणून दिला. सकाळी तोच त्यावर अभंग लावतो.

भावकीत लग्न निघालं की दागिन्यांपाशी बसायला बायजालाच बोलावतात. ती कापडी पिशवीत एक तबकडी, एक पिन आणि त्या लग्नाची पत्रिका घेऊन जाते. आत जाऊन बसली की किल्लीवाल्याला सांगते, "कुलूप दोनदा वढून बघ रं."