ऑफसाइड

मैदानालगतच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला बाक लावून अयिशेतू आत उभी होती. बाहेर अख्खं गाव लोटलं होतं. "रेफरीला बाहेर काढा!"

शेवटच्या मिनिटाला गावाच्या संघाने मारलेला गोल तिने ऑफसाइड म्हणून नाकारला होता. तो धरला असता तर संघ वरच्या गटात टिकला असता. आता खाली घसरला होता.

"गाडी येतेय, मॅडम," एकटा हवालदार म्हणाला. मघापासून तो हेच म्हणत होता.

तेवढ्यात मागच्या दाराने केंके विकणारी बाई आत शिरली. मक्याच्या मुटक्यांची पाटी तिने खाली ठेवली आणि कमरेचं जादा कापड सोडलं.

"हे गुंडाळ. पाटी डोक्यावर घे. आणि तोंड उघडू नकोस. तू उत्तरेकडची आहेस हे बहिऱ्यालाही कळेल."

"मावशी, तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. चल."

मागचं दार उघडं दिसताच हवालदाराने टोपी खिशात कोंबली आणि दोघींच्या आधी कुंपणावरून उडी मारली.

मागच्या गल्लीतही टोळकं उभं होतं. त्यातला एक जण पुढे आला. अंगात घामाने चिकटलेली संघाची जर्सी, हातात दगड. तोच तो, गोल मारणारा. वाकून त्याने पाटीखालचा चेहरा पाहिला. त्याने ओळखलं होतं.

"बाजूला हो, एबो," बाई म्हणाली.

"आई, ही कोण?"

"माझ्याबरोबर आहे."

तो आईकडे बघत राहिला. मग गर्रकन वळला आणि ओरडला, "अरे, इथे काय करताय? रेफरी पुढच्या खोलीत लपलीय! मी डोळ्यांनी पाहिलंय! चला!"

गल्ली रिकामी झाली. सगळ्यांच्या पुढे तोच धावत होता.

दोघी खाडीच्या वाटेला लागल्या. मागे काचा फुटल्या. पत्र्यावर दगडांचा सडा पडू लागला.

"मावशी," अयिशेतू म्हणाली, "तो खरंच ऑफसाइड होता."

"ठाऊक आहे. मैदानातून बाहेर आल्या आल्या त्यानेच सांगितलं मला. कानात."

वाऱ्यावर पुन्हा आरडाओरडा आला. त्यात एबोचा आवाज सगळ्यांत वर होता. अयिशेतूच्या आईबापाचा तो उद्धार करत होता. ती थबकली.

"ओरडू दे," बाई तिचा दंड धरून म्हणाली. "त्याला याच गावात राहायचंय."