नॉर्मलचा नमुना

"दोन्ही नळ्यांत एकाच बाईचं रक्त आहे," तपासनीस फोनवर म्हणाला. "नमुने पुन्हा पाठवा."

थोरलीचं डोकं तडकलं. अठरा वर्षं ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती आणि नळीवर चुकीची चिठ्ठी तिने एकदाही लावली नव्हती. एक नळी तिची, एक धाकटीची.

धाकटीची अस्थिमज्जा तिच्याच शरीराच्या पहारेकऱ्यांनी शत्रू समजून संपवली होती. कुंपणानेच शेत खाल्लं. आता थोरलीच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून तिला द्यायची होती. पुढे नव्या पेशी कोणाच्या हे ओळखता यावं म्हणून दोघींच्या रक्ताचे डीएनए-ठसे आधी काढून ठेवायचे होते.

संमतीपत्र चार दिवस थोरलीच्या पर्समध्ये होतं. सही झाली नव्हती.

तिला हेवा वाटत होता. अंथरुणाला खिळलेल्या बहिणीचा हेवा वाटतो याची लाज वाटत होती, पण म्हणून हेवा कमी होत नव्हता. धाकटी नुसती शिंकली तरी आई तिच्या उशाशी बसायची. धाकटीचे फोटो पहिल्या आंघोळीपासूनचे. थोरलीचा पहिला फोटो चौथ्या वर्षीचा, आणि त्यातही मांडीवर धाकटी. "तेव्हा कॅमेरा नव्हता गं," आई म्हणायची.

थोरलीचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तुलनेसाठी नॉर्मल रक्ताची एक काच लागायची. ती आपलंच रक्त काढायची. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी टपोऱ्या दिसायच्या. "हे माझे शिपाई," ती शिकाऊ पोरींना सांगायची. "साथीत अख्खं खातं आडवं होतं, मी उभी असते."

दुसऱ्यांदा तिने दोघींचं रक्त स्वतःच्या हाताने काढलं.

"ताई, मला थोडं ठेव हं," धाकटी म्हणाली.

"तुला काय कमी? तुला सगळं आयतंच मिळतं."

धाकटी हसली. सुई टोचताना थोरलीने नेहमीइतकी काळजी घेतली नाही.

संध्याकाळी निकाल आला. तोच.

आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर चादरीची घडी घालत होती. थोरली तिच्यासमोर उभी राहिली.

"यंत्र बिघडलंय की काय, देव जाणे. पण खरं सांगू? मला सहीच करायची नाही. लाड तिचे, फोटो तिचे. आता माझे शिपाईही तिलाच?"

आईने घडी पुरी केली. मग पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक जुना फोटो काढला.

काचेच्या खोलीत टक्कल झालेली, नळ्या लावलेली दोन-अडीच वर्षांची मुलगी. काचेबाहेर आईच्या कडेवर गुबगुबीत बाळ, कमरेला पट्टी बांधलेलं.

"कॅमेरा होता," आई म्हणाली.

थोरली फोटोकडे बघत राहिली. "लहानपणीही एवढी आजारी होती ती? मला कधी सांगितलं नाहीस."

"धाकटी माझ्या कडेवर आहे."

थोरलीने काचेतल्या मुलीकडे पुन्हा पाहिलं.

"तू जन्मलीस तेव्हा तुझ्या अंगात एकही शिपाई नव्हता." आईने तिच्या पर्समधून संमतीपत्र काढून तिच्या हातात दिलं. "सही कर. तिचं तिला परत दे."