नुकसान निरंक

महिपतराव पोटावर झोपून फरशीचे सांधे तपासत होते. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात फूटपट्टी. त्यांचे भाडेकरू मधुसूदनराव हात बांधून त्यांच्या डोक्याशी उभे होते आणि खाली दाना ओली या गल्लीच्या तोंडाशी सामान लादलेला टांगा उभा होता. मध्यभारत राज्य संपलं होतं. सचिवालय भोपाळला चाललं होतं आणि सचिवालयातल्या कारकुनाला बायकोसह त्याच्या मागे जाणं भाग होतं. पण 'नुकसान निरंक' असा दाखला हातात पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, अशी मधुसूदनरावांची जिद्द होती.

ही जिद्द आठ वर्षांची होती. महिपतराव पूर्वी दरबारच्या फराशखान्यात होते. गालिचे, झुंबरं, समया, सगळ्यांची मोजदाद आणि प्रत्येक टवक्याची नोंद त्यांच्याकडे. संस्थान विलीन झालं, फराशखाना गुंडाळला गेला आणि महिपतराव भिंग घेऊन घरी आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या आणि त्यांनाच आपलं खातं मानलं. खिळा ठोकला, नोटीस. छत काजळलं, नोटीस. नोटीस पोस्टानं यायची, कारण हातोहात दिलेल्या कागदाला आवक क्रमांक मिळत नाही. खालून निघालेलं पत्र लष्कर भागातल्या मोठ्या पोस्टात जायचं आणि तिसऱ्या दिवशी त्याच घराच्या वरच्या मजल्यावर पोचायचं.

दुसरा कोणी असता तर महिन्याभरात पळाला असता. पण मधुसूदनराव हाडाचे कारकून. आलेल्या पत्राला उत्तर दिलं नाही, तर त्यांना अन्न गोड लागत नसे. स्वयंपाकघरातल्या काजळीच्या एका डागावर दोघांनी दोन वर्षं पत्रव्यवहार केला. संध्याकाळी दोघं ओट्यावर शेजारी बसून चहा प्यायचे, थंडीवाऱ्याबद्दल बोलायचे. डागाचं नाव कोणी काढत नसे. तो पोस्टाचा विषय होता. दर उन्हाळ्यात राजधानी इंदूरला हलायची, मधुसूदनराव फायलींबरोबर निघायचे आणि त्याआधी खोल्यांची तपासणी व्हायची. प्रत्येक वेळी काहीतरी सापडायचंच.

यंदा मात्र त्यांनी कंबर कसली होती. आठ दिवस कचेरीतून आल्या आल्या ते भोकं बुजवत होते, चुना मारत होते, कड्यांना तेल घालत होते. शामला, त्यांची बायको, फरशी घासून घासून वैतागली होती. "घर सोडायचंय की घरभरणी करायचीये?" तिनं विचारलं होतं. त्यावर त्यांनी तिच्या हातात दुसरा काथ्या दिला होता.

महिपतराव कण्हत उठले. खिडकीचे गज मोजले. सगळे होते. दाराआड डोकावून आले. तिथंही काही नव्हतं.

"बिलकुल साफ आहे," ते म्हणाले. "खराबी कुठंच नाही."

त्यांनी दाखला लिहिला, सही केली आणि मधुसूदनरावांच्या हातात ठेवला. मधुसूदनरावांनी तो दोनदा वाचला. आनंदानं त्यांचे कान लाल झाले. महिपतराव मात्र खोलीच्या मधोमध नुसते उभे राहिले. भिंग खिशात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

विजयाबाई, महिपतरावांच्या पत्नी, शामलाच्या हातावर दही घालायला वर आल्या होत्या. त्या हलकेच म्हणाल्या, "तुमच्या ह्यांचं पत्र आलं न, की त्या दिवशी आमचे हे दोन पोळ्या जास्त खातात. आता हे वरचे कमरे भाड्यानं द्यायचेच नाहीत म्हणतात. नवा भाडेकरू कुठला उत्तर देतोय, म्हणतात."

शामलाला गलबलून आलं. या दोन माणसांनी आठ वर्षं तिचं डोकं उठवलं होतं. तरी आलं.

"बाबूजी, गाड़ी निकल जाएगी," खालून टांगेवाला ओरडला.

ट्रंकेत न मावलेला वरवंटा तिच्या हातातच होता. ती खिडकीपाशी गेली. पदर सावरला. आणि मसाला वाटायला बसावं इतक्या शांतपणे तिनं तो वरवंटा तावदानावर हाणला.

काचा खळकन खाली पडल्या.

"अगं, दाखला मिळाला होता," मधुसूदनराव कसेबसे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"लिहून घ्या, काका," शामला म्हणाली. "एक तावदान. जाणूनबुजून फोडलंय."

महिपतरावांनी तावदानाकडे पाहिलं. मग भिंग काढलं. मोकळी झालेली चौकट उभी मोजली, आडवी मोजली, उरलेला एक तुकडा बोटानं हलवून पाहिला. त्यांची पाठ ताठ झाली. ते मधुसूदनरावांकडे आले, त्यांच्या हातातला दाखला काढून घेतला आणि त्याचे नीट चार तुकडे केले.

"भोपाळचा पत्ता सांगा."

मधुसूदनराव भडकणारच होते. पण समोरून चौकशी आली होती आणि चौकशीला उत्तर देणं त्यांच्या रक्तात होतं. त्यांनी पत्ता सांगितला, अगदी मोहल्ल्यासकट. मग घसा साफ केला.

"उत्तर किती दिवसांत द्यायचं?"

"उत्तराची घाई करू नका," महिपतराव म्हणाले. "मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवीन."