सुरूच्या बनापलीकडचा धबधबा

अम्मारची सायकल सुरूच्या बनात शिरली, तसा सुदामही मागोमाग शिरला. जाड टायर असूनही वाळूत चाक रुतत होतं. गिअर बदलावा हे त्याला सुचलं नाही. तो नुसता पायडल मारत राहिला. फांदीचा फटका गालावर बसला, तोही उशिरानं कळला.

सुदाम कतारमधल्या मेसईदच्या एका कारखान्यात पाइप फिटर होता. माण तालुक्यातल्या गावी त्याची आई, मुक्ताबाई, गेली तेव्हा तो ड्यूटीवर होता. सुपरवायझरनं सुट्टी देऊ केली. सुदाम नको म्हणाला. धाकट्या भावानं, धनाजीनं, अग्नी दिला, तो त्यानं मोबाइलवर पाहिला, मोबाइल खिशात ठेवला आणि हातातला जोड पुरा केला. त्याला मोकळेपणी रडता यावं म्हणून रूममधली माणसं बाहेर जाऊन बसली. तो छताकडे बघत पडून राहिला.

दहावा झाला. जेवण जात होतं, झोप लागत होती. त्याचीच त्याला भीती वाटू लागली होती. धनाजीशी तो बोलायचा, पण वडिलांना, धोंडीरामआबांना, फोन दे असं कधी म्हणायचा नाही. आवाजातला कोरडेपणा त्यांना लगेच कळला असता.

अम्मार त्याच्याच रूममधला, पेशावरकडचा क्रेन ऑपरेटर. त्या शुक्रवारी सकाळी त्यानं कुणाकुणाकडून दोन सायकली मागून आणल्या आणि सुदामला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

बन संपलं. पलीकडे खजुराचं शेत होतं. शेतातली उंच टाकी भरून वाहत होती आणि तिचं पाणी खालच्या हौदात धो धो पडत होतं. कामगारांच्या कॅम्पातली माणसं त्यालाच धबधबा म्हणायची. राखणदाराला सलाम करून अम्मारनं सायकल टेकवली.

मोबाइल त्याच्याकडे देऊन सुदाम कपड्यांसकट पाण्याखाली जाऊन उभा राहिला. अंग शहारलं. आता रडू येईल, आता येईल, म्हणून तो वाट बघत राहिला. आत काहीच हललं नाही. मग तो बाहेर आला.

"अब्बा से बात की?" अम्मारनं विचारलं.

सुदामनं मान हलवली, नाही. अम्मारनं मोबाइल त्याच्या ओल्या हातात ठेवला आणि लांब जाऊन सायकलच्या चेनशी काहीतरी करत बसला.

फोन धनाजीनं उचलला. सुदामनं आबांना द्यायला सांगितलं. पलीकडे माणसांची वर्दळ होती, भांडी वाजत होती. मग धोंडीरामांचा खोकला ऐकू आला. कसा आहेस, जेवलास का, असं त्यांनी विचारलं.

"आबा," तो म्हणाला, "मला रडूच येईना. आई गेली तरी कायच वाटंना. मी कसला वो पोरगा?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, वर्दळ मागे राहिली आणि धोंडीरामांचा आवाज अगदी बारीक झाला.

"हळू बोल लेका. हितं समद्यास्नी वाटतंय, मी रातभर रडतुया. मलाबी अजून रडू आलं न्हाई."