राजाच्या गालावरची रेघ

काकांनी नाणं दिव्याखाली तिसऱ्यांदा कलतं धरलं. कोपर टेबलाला टेकवलं.

"सांगा ना काका, ही रेघ जुनी की नवी?" मित्राची मुलगी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. वडील गेल्यावर त्यांच्या पेटीतून तिने हे एकच नाणं आणलं होतं. "बाबा म्हणायचे, मीच खेळताना ओरखडलं. मला तर हात लावल्याचंही आठवत नाही."

चांदीतल्या राजाच्या गालावर केसाएवढी रेघ होती. काळवंडलेली. तेवढं काळवंडायला पस्तीस वर्षं पुरली होती. पण भिंगाखाली दिसायचं ते दिसतच होतं. नाण्यावरचा जाड काळा थर रेघेच्या काठाशी तुटला होता. रेघ नाण्याइतकीच, दोन हजार वर्षांची असती, तर थर तिच्यातही उतरला असता.

चार लोक काकांकडे पारख करून घ्यायला येत, आणि प्रत्येक वेळी आपलं चुकलं असेल या धास्तीने काकांची झोप उडे. आज पहिल्यांदाच पक्की खात्री होती.

ते उठले. खिडकी लावली, पुन्हा उघडली, परत येऊन बसले. चोराच्या मनात चांदणं.

"जुनी आहे," ते म्हणाले. "त्या काळी कुणा सराफाने ओरखडून चांदी तपासली असेल."

"म्हणजे बाबांची नजर चुकली?" ती हसली. "छे! नाण्याच्या बाबतीत, आणि बाबा? तुम्ही माझं मन राखताय. मीच केलं असणार, विसरले असेन." तिने हात पुढे केला. "द्या. परत कधी नाण्यांच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही त्यांनी मला. बरोबरच होतं म्हणायचं."

काकांनी नाणं सोडलं नाही.

"कडेचं एक अक्षर वाचायचं होतं," ते नाण्याकडेच बघत म्हणाले. "सुईने थर काढत होतो. एवढासाच. सुई घसरली, थेट गालावर. तुझे बाबा फोन घ्यायला बाहेर गेले होते. मी नाणं पेटीत ठेवून दिलं. सांगणारच होतो. आज सांगू, उद्या सांगू..."

त्यांच्या हातातलं भिंग तिने काढून घेतलं, टेबलावर ठेवलं.

"बाबांना कळलं त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात उभं केलं होतं," ती म्हणाली. "मध्ये कुणीतरी पाणी आणून दिलं. ते तुम्हीच ना, काका?"